चाळीस मिनिटं, भराभर

मिहोने टोपी काढली, तेव्हा सेनीच्या काहीच ध्यानात आलं नाही. म्हाताऱ्याला ऊन लागत असेल, कपाळाचा घाम पुसत असेल, असं तिला वाटलं. खरं तर तेवढंही धड वाटलं नाही, कारण तिचं सगळं लक्ष स्वतःच्या श्वासाकडे होतं. मिहो जन्मभर न्हावी होता. आता दुकान पुतण्याच्या हाती देऊन तो बुलेवारच्या कडेला, लिंडनच्या झाडाखाली बाकावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मानेवरचे केस बघून मनातल्या मनात नावं ठेवायचा. आज तो नुसता टोपी काढून राहिला नाही, चक्क उठून उभा राहिला. "सेनी, अगं, काय झालं?" त्याने विचारलं. सेनीने तोंड उघडलं, पण दम असा लागला होता की शब्दाऐवजी नुसती हवाच बाहेर आली. मग तिने एक हात छातीवर ठेवला, दुसरा हवेत हलवला, म्हणजे आत्ता नको, नंतर बोलू, आणि तशीच पुढे सुटली. मिहो उघड्या डोक्याने बराच वेळ तिच्या पाठमोऱ्या काळ्या झग्याकडे बघत उभा होता म्हणे. त्या काळ्या रंगातही नवीन काही नव्हतं. नवरा, इलो, गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती काळंच घालत आली होती. पायांत मात्र पांढरे, फुगीर, पळायचे बूट होते. मुलीने सालोनिकाहून पाठवलेले. झग्याला न शोभणारे.

बूट आले ते डॉक्टरीणबाईंमुळे. या बाई वयाने इतक्या लहान, की त्यांच्यापुढे बाही वर करून बसायला सेनीला शरम वाटायची. रक्ताचे कागद त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "मावशी, गोळ्या देते मी लिहून. पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. चाला. रोज चाळीस मिनिटं, भराभर." सेनी म्हणाली, "दिवसभर चालतेच की मी. ओटा, गॅलरी, खालचा नळ, परत ओटा." "ते चालणं नव्हे मावशी, ती येरझार. चालणं कसं हवं सांगू? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये." "गाणं तर मी केव्हाच सोडलंय," सेनी म्हणाली. बाई हसल्या. मग कागदावर खरडत त्यांनी पाढा म्हटल्यासारखं सांगून टाकलं, साखर उतरेल, रक्तदाब उतरेल, गुडघे आधी कुरकुरतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, हृदय मजबूत होईल, झोप लागेल. "आणि मन हलकं होईल." हे शेवटचं त्या दाराकडे बघत म्हणाल्या, बाहेर बरीच माणसं खोळंबली होती. सेनी जिना उतरताना स्वतःशीच म्हणाली, अठ्ठावीस वर्षं विणकामाच्या कारखान्यात यंत्रापुढे उभी राहिले, तेव्हा कुणाला माझ्या पायांची आठवण झाली नाही. आता बासष्टाव्या वर्षी ही पोरगी मला चालायला शिकवतेय.

तरी ती चालू लागली, कारण आईला साखरेनेच नेलं होतं आणि जायच्या आधी डोळे नेले होते. त्या बंद पडलेल्या कारखान्यामागून एक कच्चा रस्ता प्लमच्या बागांकडे जातो. तिथे संध्याकाळी कुत्रंसुद्धा नसायचं, म्हणून तिने तोच धरला. पहिले चार दिवस पोटऱ्या अशा दुखल्या की रात्री कूस बदलताना ती डॉक्टरीणबाईंच्या घराण्याचा उद्धार करायची. पाचव्या दिवशी ती नऊला पडली आणि डोळे उघडले तेव्हा खिडकीत ऊन होतं. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. पहाटे तीनला उठून आढ्याकडे बघत बसणं हा तिचा जणू धंदाच झाला होता. आठवड्याने भूक लागायला लागली, म्हणजे खरोखरीची भूक, कांदा भरून भाजलेल्या लाक्रोरचा वास जिन्यातून आला की तोंडाला पाणी सुटावं अशी. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायची ती थांबेनाशी झाली. अंगात काहीतरी तेलपाणी केल्यासारखं सुरळीत फिरू लागलं होतं. हे सगळं तिने जरा लांबूनच पाहिलं, शेजारणीच्या घरात नवं सामान आलेलं बघावं तसं. आनंद झाला का, तर झाला, पण बेताचा. आणि एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी सांगितलीच नव्हती. घरात बसून असताना डोक्यातलं सगळं जागच्या जागी दबून राहायचं. पाय एकदा लयीत पडायला लागले, की ते हलायचं, सुटं व्हायचं. मन हलकं होणं म्हणजे हेच की काय, कोण जाणे. दहाव्या मिनिटाच्या सुमाराला, डाव्या हाताला कारखान्याची फुटकी तावदानं दिसू लागली की हटकून थिमी यायचा.

थिमी तिचा सख्खा मोठा भाऊ. शाळेत भूगोल शिकवायचा. एकोणऐंशीचा जून, असाच लिंडन फुललेला. आठ दिवसांपूर्वी इलोला पोलीस घेऊन गेले होते. इलो मालमोटारींच्या आगारात मिस्त्री, पावाच्या रांगेत उभ्या उभ्या त्याने सरकारवर एक विनोद केला होता आणि तो विनोद धड हसू येण्यासारखाही नव्हता. तेवढ्याला सहा वर्षं खाणीत सक्तमजुरी. तेव्हाचा जिरो, म्हणजे गावाचा संध्याकाळचा फेरफटका, आजच्यासारखा नव्हता. आज लोक संध्याकाळी बुलेवारवर वर-खाली फिरतात ते आइस्क्रीम खायला, सुना दाखवायला, पोटातलं जिरवायला. तेव्हा सगळं गाव तिथे एकमेकांना वाचत असे. कोण कुणाच्या शेजारून चालतंय, कोण कुणाला हात करतंय आणि मुख्य म्हणजे कोण करत नाहीये. सरकारी कागद यायला वेळ लागायचा. जिरोवर मात्र निकाल त्याच संध्याकाळी लागायचा. सेनी त्या दिवशी मुद्दाम बाहेर पडली, आपलं कोण उरलंय ते बघायला. वरच्या टोकाकडून खाली येत होती. समोरून थिमी आणि त्याची बायको उरानी, दोघं हातात हात घालून. वीस पावलं, पंधरा, दहा. उरानीच्या टाचांचा आवाज एकदम भरभर झाला. थिमीने मान वर केली आणि लिंडनच्या शेंड्याकडे बघितलं, जणू तिथे नकाशा टांगला होता. तसाच तो गेला, इतक्या जवळून की त्याच्या तंबाखूचा वास आणि मोहराचा वास तिला एकदमच आला. पुढे कित्येक वर्षं कुणी लिंडनचा चहा पुढे केला की ती नको म्हणायची.

याचा तिला राग होता का? ती चालता चालता स्वतःला विचारायची आणि उत्तर दर वेळी तेच यायचं, नव्हता. भीती काय चीज आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. थिमीचा मुलगा तेव्हा पहिलीत जायचा होता, बहिणीला हात केला असता तर थिमीची नोकरी गेली असती आणि पोराच्या कपाळी जन्माचा डाग लागला असता. त्याच्या जागी ती असती तर तिनेही कदाचित झाडच बघितलं असतं. एक्क्याण्णव साली त्या राजवटीचा सगळा डोलारा कोसळला. तेव्हा ज्यांनी ज्यांनी तोंड फिरवलं होतं, ती माणसं एकेक करून तिच्या दारात आली. "घाबरलो गं, सेनी," म्हणाली. तिने सगळ्यांना आत घेतलं, कॉफी दिली. थिमी आला नाही. त्याने मावसबहिणीकडून निरोप पाठवला, "त्या दिवशी गर्दी होती. मी तिला पाहिलंच नाही." हा घास मात्र तिच्या घशाखाली उतरेना. घाबरलो म्हणाला असता तर तिने उठून त्याच्या गळ्यात हात टाकले असते. पाहिलंच नाही म्हणजे काय? म्हणजे ती संध्याकाळ झालीच नाही, ती दहा पावलं नव्हतीच, सेनी वेडी आहे आणि पस्तीस वर्षं ती एका न झालेल्या गोष्टीला कुरवाळत बसलीये. इलोच्या मातीला थिमी आला, फाटकापाशी उभा राहिला, आणि परत तोच निरोप, तिला सांगा, मी पाहिलं नव्हतं. सेनीने उलट निरोप धाडला, "त्याला म्हणावं, डोळे तपासून घे." गावात हसू झालं. तेव्हापासून बोलणं तर नव्हतंच, निरोपही बंद. एकाच गावात राहायचं, कुणाच्या मयताला गेलं की तिने गिरजाघराच्या या अंगाला उभं राहायचं, त्याने त्या. गेल्या हिवाळ्यात राजधानीत, तिरानाला नेऊन त्याचं हृदय उघडलं असं कळलं, तेव्हा सेनीने शेजारच्या तेफ्ताला विचारलं, "आला का परत?" कांद्याचा भाव विचारावा अशा आवाजात. आला, असं कळल्यावर ती घरात आली आणि खुर्चीवर बसून राहिली. तिला त्याच्याकडून माफी नको होती, भेट नको होती. दोनच शब्द हवे होते, दिसली होतीस. ते त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याला मरू द्यायचं नाही, असं काहीतरी तिच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं. हे तिला कळलं तेसुद्धा कारखान्यामागे चालताना, बाराव्या की तेराव्या दिवशी.

सोळाव्या दिवशी कारखान्याच्या फाटकात तीन कुत्री येऊन राहिली. नुसती राहिली नाहीत, रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्यांनी सेनीला दात दाखवले. दुसऱ्या दिवशीही तेच. चालणं सोडावं तर पोटऱ्या आता चालायला मागत होत्या, पाच वाजले की पायांना चुळबूळ सुटायची. मग राहिला बुलेवार. सपाट, फरसबंद, गाड्यांना बंद. पस्तीस वर्षांत ती तिथे संध्याकाळची गेली नव्हती. गेलीच तर सकाळी, औषधाच्या दुकानात, आणि तेही भिंतीच्या कडेकडेने. तिने विचार केला, जिरो साडेसहाला भरतो, आपण साडेपाचला उरकून घेऊ. चूक झाली ती इथेच. शनिवार होता, हवा छान होती, लोक आधीच बाहेर पडले होते. आता परत फिरणं म्हणजे परत एकदा त्यांच्यासमोर पळ काढणं. सेनीने हनुवटी वर केली आणि भराभर चालायला सुरुवात केली, डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे.

त्या रस्त्यावर असं कुणी चालत नाही. तिथे माणसं पाऊल टाकतात आणि विसरतात, मग आठवण झाली की दुसरं टाकतात. त्या संथ पाण्यातून सेनी वर गेली आणि खाली आली आणि परत वर गेली. बायका बोलता बोलता थांबायच्या. एक ओळखीची मास्तरीण पोराचा हात धरून बाजूला झाली आणि तिने मान खाली घातली. सेनीला वाटलं, इतक्या वर्षांनी मी दिसले, त्याचा हा धक्का. बसू दे. तिला घाम आला होता, कानात रक्त वाजत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. ती नेमकी जागा आली, तिथली फरशीसुद्धा तिला ओळखता येत होती, आणि तिथून जाताना काहीही दुखलं नाही, फक्त उजवी पोटरी जराशी. म्हणजे झालं, तिने मनाशी म्हटलं. म्हणजे हे पायांनीच बरं होतं. याच तंद्रीत तिला मिहो भेटला, टोपी काढलेला, आणि चाळीस मिनिटं भरली तशी ती थिएटरशेजारच्या बोळातून, दवाखान्याच्या रस्त्याने वळून घरी आली.

हातपाय धुऊन ती डोंगरी चहा घेऊन बसली. सातला दहा कमी असतील, घंटी वाजली. दारात तेफ्ता, काळ्या कपड्यांत, हातात कॉफीचा पुडा. तिच्यामागे तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, त्याही काळ्यांत, आणि सगळ्यांत मागे मिहो, टोपी हातात. तेफ्ताने तिला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "मागे राहिलेल्यांना आयुष्य मिळो गं, सेनी." हे कुणी गेलं की म्हणतात, ते दोन वर्षांच्या पोरालाही कळतं. सेनीने, कोण, असं विचारलं नाही. तेफ्ताच पुढे म्हणाली, "कितीही झालं तरी सख्खा भाऊ. भांडणं काय, सगळ्यांच्याच घरी असतात. सोन्यासारखा माणूस होता थिमी." "तुला बघितलं तेव्हाच मी उठून उभा राहिलो," मिहो म्हणाला. "जास्त काही बोललो नाही. अशा वेळी काय बोलायचं?"

ती त्यांना आत घेऊन आली. त्यांना बसवून ओट्याशी गेली, पितळी भांड्यात पाणी टाकलं, चार चमचे कॉफी, साखर नाही. अशा वेळी बिनसाखरेचीच करतात. म्हणजे मी बुलेवारवर दांडगाईने पाय आपटत होते तेव्हा तो गेलेला होता, सगळ्या गावाला माहीत होतं, आणि माझ्याकडे बघून लोक माना खाली घालत होते. फेस वर येईपर्यंत तिने भांड्यावरून नजर हलवली नाही. अंग हलकं, तरतरीत, नाडी कशी शांत चाललेली, गालांवर अजून चालण्याची ऊब. भाऊ मेल्याच्या दिवशी माणसाचं अंग असं असू नये. तिने दुःख येतंय का ते बघितलं. आलं नाही. आला तो संताप, इतका की तिला ओट्याची कड धरावी लागली. मेला. मला न सांगता मेला. पस्तीस वर्षं मी या मेल्याच्या दोन शब्दांवर बसून राहिले आणि हा ते गिळून खुशाल मातीत चाललाय. आता ती संध्याकाळ खरोखरच झाली नव्हती. ती सांगणारी आता एकटी सेनी, आणि एकटीचं कोण धरतो?

तिने कॉफी नेऊन दिली. बायकांनी घोट घेतले, कुणी सुस्कारे टाकले, दोघी बहिणींतल्या धाकटीने थिमीने आपल्याला नद्या कशा पाठ करायला लावल्या ते सांगायला घेतलं. मग तेफ्ताने बशी खाली ठेवली. "माती कधी आहे गं? उद्या, की मुलाची वाट बघणार?"

"विचारून येते," सेनी म्हणाली.

"अं? फोन कर की."

"नंबर नाही माझ्याकडे."

ती दाराशी वाकून बूट घालू लागली. घरात पाहुणे, तेही दुखवट्याचे, आणि घरची बाई चालली बाहेर. असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. "सेनी, अगं वेडे, थांब, आम्ही येतो सोबत," तेफ्ता उठता उठता म्हणाली, पण तोवर सेनी दुसऱ्या मजल्याच्या खाली पोचलेली होती.

जिरो आता पुरा भरला होता. ती त्यातून नाकासमोर चालत गेली आणि गर्दी आपसूक दुभंगत गेली. तिला कुणाचे चेहरे दिसले नाहीत. तिला एकच गोष्ट करायची होती. उरानी दारात आडवी आली तरी तिला बाजूला सारून आत जायचं, पेटीशी उभं राहायचं आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून म्हणायचं, आता म्हण, पाहिलंच नाही म्हणून. आता म्हण ना! हे ती चालता चालता मोठ्याने म्हणत होती की काय, कारण एका पोरीने दचकून मागे बघितलं. जुन्या बाजाराचे गोटे बुटांखाली निसटत होते. बोलता येत होतं, गाता आलं नसतं. पार वेडगळ विचार येत होते. गेल्या पंधरवड्यात हे हृदय तयार झालं ते कशासाठी, तर आज इतक्या जोरात भावाच्या मढ्याशी भांडायला जाता यावं म्हणून. बाजाराच्या शेवटी ती वळली तेव्हा रागाच्या तळाशी दुसरं काहीतरी तिच्या पायांत आलं आणि तिचा वेग मोडला. थिमीने तिला सायकल शिकवली होती, याच गल्लीत. मागून धरून पळायचा. ती पाच-सहा पावलं अडखळत चालली, मग पुन्हा सावरली.

थिमीच्या इमारतीपुढे खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. सिगरेटी ओढत उभे राहिलेले पुरुष नव्हते. दाराशी पेटीचं झाकण टेकून ठेवतात, ते नव्हतं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक बारीक म्हातारा बनियनवर बसून काकडी सोलत होता. सेनी खाली उभी राहिली, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. म्हाताऱ्याने खाली बघितलं. सुरी थांबली. काळा झगा, घामेजलेलं तोंड, विस्कटलेले केस, सगळं त्याने नीट बघून घेतलं आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"कोण गेलं?"

"तू," सेनी म्हणाली.

थिमीने काकडी ताटलीत ठेवली. जरा विचार केला. "कधी?"

"साडेपाचला," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साडेपाचला काही झालंच नव्हतं. साडेपाचला ती स्वतः बुलेवारवर होती. पस्तीस वर्षांनी बाहेर पडलेली बाई, काळ्या कपड्यांत, छातीवर हात, दवाखान्याच्या रस्त्याला लागलेली, तोंडातून शब्द फुटत नाही. भाऊ हृदयाचा आजारी. या गावात एवढ्या घाईने माणूस फक्त एकाच कामाला जातो. मिहोने टोपी काढली, तेफ्ताने कॉफीचा पुडा घेतला, आणि ज्या बाईने चालून चालून भावाला मारलं, तिचाही त्यावर विश्वास बसला. तिला हसू फुटलं. ते हसूही श्वासातच अडकलं आणि चमत्कारिक आवाज झाला.

"कुणाशी बोलतोयस रे?" आतून उरानी आली, कठड्यावरून वाकली आणि तिचा हात तोंडावर गेला.

"सेनी आलीये," थिमी म्हणाला. "मी मेलोय म्हणे. कॉफी टाक."

"वर येणार नाही मी," सेनी खालून म्हणाली. "माझं चालणं राहिलंय. डॉक्टरांनी सांगितलंय, चाळीस मिनिटं." हे साफ खोटं होतं, चाळीसची आता साठ झाली होती.

"मलाही सांगितलंय त्या तिरानाच्या डॉक्टरांनी. चाला म्हणून. थांब, उतरतो."

"जिना?" उरानी ओरडली. "अरे, जिना मना आहे तुला!"

"मेल्यावर कसली मनाई?"

तिने जिन्यातलं त्याचं उतरणं ऐकलं. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. तिचा श्वास खाली बसला, नाडी बसली, तरी तो उतरतच होता. थिमी उंच होता, तिच्या आठवणीतला. दारातून बाहेर आला तो तिच्या खांद्याला लागेल एवढाच माणूस, बनियनवर कोट, पायांत घरातल्या चपला. दोघं भिंतीच्या कडेने कोपऱ्याच्या दिशेने निघाली. या चालीने साखर उतरायची नाही की रक्तदाब, असं तिच्या मनात आलं. पेटीतल्या माणसाला ती वाट्टेल ते विचारणार होती. या चपला घासत चालणाऱ्या माणसाला विचारायला तिला शरम वाटू लागली. आता हा मरेपर्यंत आपण दोघं असंच भिंतीच्या कडेने चालणार आणि हवापाण्याबद्दल बोलणार, हेही तिला दिसलं, आणि तिला एकदम फार थकवा आला.

कोपऱ्यावर थिमी थांबला. भिंतीला हात टेकून त्याने दम घेतला.

"दही होतं तुझ्या हातात," तो म्हणाला.

"काय?"

"त्या संध्याकाळी. काचेची बरणी, उजव्या हातात. ती तू डाव्या हातात घेत होतीस. मला हात करायला." त्याने भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं. "तुझा हात वर यायच्या आत मी वर बघितलं."

सेनीला सगळं पाठ होतं. उरानीच्या टाचा, तंबाखू, मोहर, दहा पावलं. बरणी तिला कधीच आठवली नव्हती. आता ती थेट मनगटात आली, थंड, ओलसर, जड. आणि ती बरणी घेऊन आपण घरी कशा गेलो, दारात उभ्या राहून आपल्याला ती कुठे ठेवावी ते कसं कळत नव्हतं, तेही आलं. तिला रडू आलं आणि त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली, दोन्ही एकदम.

"मग गर्दी होती, गर्दी होती, असं का सांगत राहिलास रे मेल्या?"

"एकदा सांगून बसलो," थिमी म्हणाला. "मग तेच सांगत राहावं लागलं."

तिने बाहीने डोळे पुसले. वरून उरानी काहीतरी हाका मारत होती, कोट नीट लाव, गार वारा आहे, असलं काही.

"चल," सेनी म्हणाली.

"कुठे?"

"बुलेवारवर. जिरो संपला नाही अजून."

"या चपलांत?"

"या चपलांत."

तो निघाला. तिने त्याचा दंड धरला, कारण नाहीतर तो पडला असता. तिथून बुलेवार दोनशे पावलांवर आहे. पोचायला त्यांना वीस मिनिटं लागली.